आमच्या दारात सूतक नाही

भगवंतराव दारात उभे राहिले की घराची सगळी वाहतूक बंद पडे. आतली माणसं आत, बाहेरची बाहेर. पायरीवर दूधवाला पिशवी घेऊन ताटकळलेला, मागे इंदुताई एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक धरून उभ्या, आणि मधोमध भगवंतराव. दोन्ही हात चौकटीवर. पाय जमिनीत पेरल्यासारखे.

"चला," इंदुताई म्हणत.

"चाललोय."

"कुठं चाललाव? पाय तर हालले नाहीत."

"मनानं चाललोय. मन फाटकापाशी पोचलंसुद्धा."

"मग मनालाच दूध घ्यायला सांगा. तो बिचारा कधीचा उभा आहे."

त्यांना कंपवात झाला होता. लोकांना वाटतं, कंपवात म्हणजे हात थरथरणं. हात थरथरतच होते, पण खरा छळ पायांचा होता. खोलीत बरे चालत, आणि दार आलं, वळण आलं, दोन कपाटांमधली बोळकांडी आली, की पाय चिकटून बसत. डोकं हुकूम सोडी आणि पायांना तो ऐकूच जात नसे. मागून कुणी ढकललं तर वरचं अंग पुढे येई आणि पावलं तिथंच राहत. घाई केली तर आणखी घट्ट.

आणि इंदुताईंना घाईशिवाय दुसरं काही जमत नसे.

भगवंतरावांचा सारा जन्म उभ्यानं गेला होता. भालकीकडच्या जोंधळ्याच्या रानातून मिसरूड फुटायच्या वयात ते नामपल्लीच्या ठेसनावर उतरले, ते एका गाठोड्यासह आणि मोठ्या आवाजासह. गाठोडं कधीच फाटलं. आवाजावर मात्र सरकारी बसमध्ये कंडक्टरची नोकरी लागली. मग वर्षानुवर्षं नल्लकुंट्याहून अफजलगंज आणि अफजलगंजहून नल्लकुंटा. तेलुगूत हाक, दखनीत दम, कानडी म्हातारीला कानडीत धीर, आणि मनातल्या मनात शिव्या मराठीत. गाडी कितीही हेलकावे खावो, भगवंतरावांनी कधी दांडी धरली नाही. वाहत्या पाण्यात बगळा उभा राहावा तसे ते त्या गर्दीत उभे असत, तिकिटं फाडत. कंडक्टरची म्हणून एक सीट असते. त्यावर ते पोटुशा बायकांना बसवीत. "रैट!" म्हणून ओरडले की गाडी हाले. ती आरोळी तीन बोळांपलीकडून ऐकू येई, असं इंदुताई अजून सांगतात, आणि सांगताना त्यांच्या तोंडावर नव्या नवरीचं कौतुक येतं. मग लगेच त्या ते पुसून टाकतात.

आता तो आवाज दुखणं घेऊन गेलं होतं. उरली होती ती कुजबुज. ज्या माणसानं अर्ध्या शहराला पुढे सरका, पुढे सरका म्हणून पुढे सरकवलं, त्याला स्वतःच्या दारातून पुढे सरकता येत नव्हतं.

दिवाळीच्या आधी ते उंबऱ्याला अडखळून पडले. हनुवटी फुटली, टाके पडले. शहराच्या दुसऱ्या टोकाला कोंडापूरला राहणारा मुलगा हर्षवर्धन आणि सून तेजश्री दोघं धावत आले. तेजश्री पुण्याची. मनानं फार चांगली. पण त्या चांगुलपणाला ब्रेक नव्हता. तिनं दोन दिवसांची रजा काढली आणि सुतार आणून उंबरा तासून काढला. पायपुसणी गेली, पाट गेला, दाराशी कायम असणारं चपलांचं खोकं गेलं. मग ती दाराबाहेरच्या रांगोळीपाशी येऊन उभी राहिली.

"आई, या गुळगुळीत फरशीवर ही पावडर घसरते हो. बाबांसाठी थोडे दिवस बंद ठेवू या ना?"

इंदुताई या घरात नवरी म्हणून आल्या त्या दिवसापासून दारात रांगोळी घालत होत्या. ताप असो, पाऊस असो, चार ठिपके आणि एक कमळ तरी घातल्याशिवाय त्यांच्या हातून चूल पेटत नसे. पण प्रश्न नवऱ्याच्या हनुवटीचा होता. त्यांनी रांगोळीचा डबा उचलून माळ्यावर टाकला आणि रागाने झाकण इतकं घट्ट लावलं, की ते पुढे उघडायला पकड लागली.

घर मैदानासारखं मोकळं झालं. आणि त्या मैदानात भगवंतराव पूर्वीपेक्षा जास्त अडू लागले. दुखणं वाढलं, सगळे म्हणाले.

आठवड्यातून काही दिवस त्यांना नारायणगुड्याला व्यायामासाठी न्यावं लागे. रिक्षावाला एका बखोटीला, इंदुताई दुसऱ्या बखोटीला, अशी वरात दारातून निघे. तिथं नीलिमा मॅडम होत्या, वरंगलकडच्या, हसतमुख. त्यांच्या लांबलचक हॉलमध्ये फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. त्या टाळी वाजवून म्हणत, "चलो सर, हौ, ऐसाच!" आणि भगवंतराव, घरी दाराशी अर्धा अर्धा तास खिळणारे भगवंतराव, त्या हॉलमध्ये डेपोत शिरणाऱ्या गाडीसारखे सरळ चालत जात. आणि वर टोकाला पोचून बायकोकडे वळून बघत.

बाकावर बसलेल्या इंदुताईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

"तिथं परक्या बाईसमोर घोडा," त्या घरी आल्यावर म्हणत, "आणि घरी बायकोसमोर खांब!"

"मुद्दाम करतो का मी?"

"मला काय माहीत? साऱ्या जगाला रैट म्हणालात. माझ्यापाशी आलं की थांबा. लग्नाच्या दिवशीसुद्धा बोहल्यावर चढताना थांबला होतात तुम्ही."

"बूट चोरले होते तुझ्या भावानं."

"निमित्तं सांगू नका!"

एकदा हर्षवर्धन आला, तो चाकांची खुर्चीच घेऊन. घडीची, चकचकीत. त्यानं ती बैठकीत उघडून ठेवली. घरात पाहुणा येऊन बसावा तशी ती बसली.

"आई, किती दिवस असं चालणार? तुझी कंबर गेली ओढून ओढून. बाबा पुन्हा पडले तर? माझ्याकडे लिफ्ट आहे, वॉचमन आहे, बाबांची खोली तयार आहे. या खुर्चीत बसवलं की दार नाही, पायरी नाही. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी गाडी घेऊन येतो. चला दोघंही."

तो वाईट बोलत नव्हता. बोलताना तो बाहीनं डोळे पुसत होता. म्हणूनच इंदुताईंना जास्त राग आला. रडव्या माणसाशी नीट भांडता येत नाही.

भगवंतराव खुर्चीकडे बघत होते. मग कुजबुजले. ऐकायला दोघांनाही वाकावं लागलं.

"मी माझ्या गाडीत कधी बसलो नाही."

एवढंच. पण इंदुताईंना ते बाणासारखं लागलं. माणूस बसला की बसतो, हे त्यांनी पाहिलं होतं. बाजूच्या बोळातले वकीलसाहेब असेच एकदा खुर्चीत बसले. पाय आधी काड्या झाले, मग वाकले, मग अंथरुणाला चिकटले. कंपवातानं नव्हे, बसण्यानं. खुद्द नीलिमा मॅडम हेच घोकत असत: चालवा, थोडं थोडं, पण रोज चालवा.

"हर्षा," इंदुताई म्हणाल्या, "तुझे बाबा आपल्या पायांनी, कुणी न धरता, या फाटकाबाहेर आले तर?"

"तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. खुर्ची परत नेईन."

"रविवारपर्यंत?"

"रविवारपर्यंत. पण आई, उगाच त्यांना दमवू नकोस."

त्यांनी दमवलंच. रोज सकाळी नळाचं पाणी येऊन गेलं की दाराशी लढाई सुरू होई. आधी गोडीनं. मग आवाज चढवून. मग देवाच्या शपथा. एकदा त्यांनी समोर गूळ-शेंगदाण्याची वाटी धरली.

"मला काय शेळी समजलीस?"

"शेळी असतात तर दोरी तरी लावली असती."

इंदुताईंच्या माहेरी एक कोशा रंगाचा बैल होता. ओढ्याच्या पाण्यापाशी आला की अडे. बाप शहाणा, मारत नसे. काठावर बसून चिलीम पेटवी आणि बैलाची मर्जी होईपर्यंत वाट बघे. मावळतीचं ऊन पाण्यावर पसरे, बगळे घरी जात, गाडीतला कडबा दवानं ओला होई, आणि बाप आपला ओढतोय चिलीम. इंदुताईंना लहानपणी त्या वाट बघण्याचा भारी कंटाळा. आता दाराशी उभ्या राहून त्या बापाला मनातल्या मनात विचारत, तुझ्याकडे चिलीम तरी होती. मी काय ओढू? आणि तुझ्या बैलाला रविवारची मुदत नव्हती.

शुक्रवार उजाडला. कुणी न धरता पाऊल दारापलीकडे पडलं नव्हतं.

त्या दिवशी समोरच्या सुगुणम्मा गावाहून परतल्या होत्या. दसऱ्यापासून त्या लेकीच्या बाळंतपणासाठी बाहेर होत्या. संक्रांतीच्या आधीचा महिना म्हणजे तेलुगू घरांत रांगोळीचा महिना. पहाटे सडा पडतो, अख्खा बोळ पांढऱ्या नक्षीनं भरून जातो, मधे शेणाचे गोळे आणि त्यांवर झेंडूची नाहीतर भोपळ्याची फुलं. रांगोळीला तिकडे मुग्गु म्हणतात. दोन्ही अंगांच्या दारांतून मुग्गु उमललेले होते, आणि मधे इंदुताईंचं अंगण. कोरडं. कोरं.

सुगुणम्मांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पदर सावरून त्या फाटकाशी आल्या आणि फार हलक्या आवाजात म्हणाल्या, "क्या जी इंदम्मा, मुग्गु कैकू नहीं? घर में... कोई गुजर गया क्या? हमकू मालूम बी नहीं हुआ."

ज्या घरात माणूस गेलं, त्या दारात रांगोळी घालत नाहीत. हे तिकडेही तसंच, आणि आपल्याकडेही तसंच. सुगुणम्मांची नजर इंदुताईंच्या कपाळाकडे गेली, कुंकू दिसलं, आणि त्या आणखीनच गोंधळल्या.

इंदुताईंचा हात कुंकवाकडे गेला. मग जो आवाज निघाला तो भगवंतरावांच्या उमेदीतल्या आरोळीच्या बरोबरीचा होता.

"कोई नहीं गुजरा! मेरा आदमी अंदर बैठा है! चाय पी रहा है! कल बी पियेंगा!"

सुगुणम्मा बिचाऱ्या दोन पावलं मागे सरकल्या.

इंदुताई तशाच आत आल्या. स्टुलावर चढल्या. जिच्या गुडघ्यांना स्टूल वर्ज्य होतं ती बाई स्टुलावर चढली आणि माळ्यावरून डबा काढला. झाकण निघेना. पकड आणून ओढलं. डबा घेऊन बाहेर गेल्या, बादलीभर पाणी अंगणात भिरकावलं, आणि वाकल्या. संक्रांत तोंडावर आलेली, कुंकवाचा धनी घरात, आणि लोक सूतक विचारतात! संताप इतका की नक्षी सुचेना. ठिपके मोजायला डोकं जाग्यावर नव्हतं. गुडघ्यांमुळे उकिडवं बसणंही जमेना. मग त्यांनी वाकल्या वाकल्याच चिमटीतून जाड रेघा सोडल्या. दारापाशी एक आडवी. थोडं मागे सरकून दुसरी. मग तिसरी. पाठमोऱ्या मागे मागे जात फाटकापर्यंत. पेरणीच्या तिफणीनं ओळी सोडाव्यात तशा. अख्ख्या अंगणावर पट्टेच पट्टे. दिसायला काही देखणं नव्हतं. पण आंधळ्यालाही दिसलं असतं की या घरात माणूस जिवंत आहे.

आरडाओरडा ऐकून भगवंतराव दाराशी आले होते. चौकटीला हात लावून उभे.

"अगं," ते कुजबुजले, "पाय कुठं ठेवू? सगळं भरून ठेवलंस."

"माझ्या डोक्यावर ठेवा! रांगोळीवर तेवढा ठेवू नका, आत्ता घातलीय!"

त्यांनी मान वर करून बघितलंही नाही. फाटकापाशी शेवटची रेघ ओढत होत्या. रांगोळीवर पाय पडला म्हणून लहानपणी आईच्या हातचे धपाटे खाल्लेला माणूस काय करील? भगवंतरावांनी खाली पाहिलं. समोर पांढरी रेघ. त्यांनी पाय उचलला. चांगला उंच उचलला, धान्याच्या राशीवरून टाकावा तसा, आणि रेघेपलीकडे ठेवला. मग दुसरी रेघ आली. ती ओलांडली. मग तिसरी.

इंदुताईंच्या खांद्याला कुणाचा तरी हात लागला. त्या दचकून सरळ झाल्या. समोर नवरा.

"सरक," ते म्हणाले. "फाटकात उभी राहू नको. गाडी निघाली की दार मोकळं पाहिजे."

इंदुताईंना रडू आलं की राग आला, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "चप्पल कुठाय? ओल्या अंगणात अनवाणी?"

आणि परत फिरायची वेळ आली तेव्हा भगवंतराव पुन्हा अडले. रेघा होत्या, पण वळताना पायांखाली नव्हत्या. फाटकाच्या तोंडाशी वळता वळता खांब झाले. इंदुताईंनी हात धरून ओढलं, नाही. मग त्या थांबल्या. ओल्या अंगणाकडे बघितलं, नवऱ्याच्या पायांकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर नारायणगुड्याच्या हॉलमधल्या पिवळ्या पट्ट्या आल्या. त्यांनी चिमटीनं नवऱ्याच्या पावलासमोर एक रेघ सोडली. पाऊल उठलं. आणखी एक सोडली. दुसरं उठलं.

हॉल दहाला उघडे, तोवर वाट न बघता त्यांनी नीलिमा मॅडमना फोन लावला.

"हौ अम्मा," तिकडून शांतपणे उत्तर आलं. "ये बीमारी में ऐसाच होता. पाँव के सामने लकीर रही तो भेजे को इशारा मिलता. इसीलिए तो पट्टी लगाए यहाँ. घर में बी लगाने बोली थी मैं, हर्षवर्धन सर को. उन्हों वीडियो बी निकाले."

इंदुताईंनी फोन ठेवला आणि लेकाला लावला.

"अगं, मी त्याच दिवशी टाकला होता की व्हिडिओ," तो म्हणाला. "आपल्या फॅमिली ग्रुपवर. बघ, आहे."

तो होता. रोजच्या सुप्रभातच्या गुलाबांखाली, कुणाच्या तरी मुंजीच्या फोटोंखाली, गाडून पडला होता. एकाही माणसानं उघडला नव्हता. दोघांनी मात्र त्यावर हात जोडले होते.

"आणि तू?" इंदुताई म्हणाल्या. "तोंड नव्हतं तुला? मी इथं महिनोन् महिने माणसाला ओढतेय, गूळ दाखवतेय, त्याला नखरेल म्हणतेय!"

"मला वाटलं तू पाहिला असशील. आई, पण एका पट्टीनं काय—"

"रविवारी ये," त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला.

चमत्कार झाला असं कुणी समजू नये. शनिवारी सकाळी कंपवाताच्या गोळीचा असर उतरलेला होता, तेव्हा रेघा असूनही भगवंतराव तसेच थिजले, आणि इंदुताईंनी डबा आपटला. दुपारी परत जमलं. संध्याकाळी कुत्र्यानं अर्ध्या रेघा पुसल्या. सुगुणम्मा मनातलं ओझं उतरवायला तिळाचे लाडू घेऊन आल्या, आणि इंदुताईंनी त्यांना रेघांवरून चालू नका म्हणून ओरडून त्यांच्या मनावर आणखी एक ओझं ठेवलं.

रविवारी पहाटे इंदुताईंनी अंगणभर रेघा काढल्या. भगवंतरावांनी पांढरा सदरा घातला. गोळीनंतर अंग सुटं होईतो थांबले, मग दारात आले. खाली पाहिलं. ओठ हालले. रेघ, पाऊल, रेघ, पाऊल. फाटक आलं, फाटक गेलं. कुणी धरलं नव्हतं. इंदुताई एक हात लांब, हातात काठी आणि कमरेला रांगोळीची पिशवी.

"झालं," त्या म्हणाल्या. "आलात बाहेर. आता इथंच उभे राहा, हर्षा येईतो."

पण भगवंतराव बोळाकडे बघत होते. बोळ असा काही फुलला होता! दारादारापुढे मुग्गु, आडवे उभे, कुठे वेलबुट्टी, कुठे रथ, रस्त्याच्या मध्यापर्यंत पसरलेले. बोळाच्या टोकाला इराणी हॉटेल. तिथं त्यांची जुनी मंडळी सकाळी बसत. तिथली त्यांची खुर्ची कितीतरी दिवस रिकामी होती.

"कुठं निघालाव? अहो! थांबा म्हटलं ना!"

दारात साऱ्या घराला थांबवणारा माणूस थांबेना. सुगुणम्मांच्या मुग्गुची पहिली ओळ त्यांनी ओलांडली. शेणाचा गोळा चुकवून दुसरी. शेजारच्या घरचं कमळ, पलीकडचा रथ. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत, शेताच्या बांधाबांधावरून जावं तसे. बायका केरसुण्या हातात धरून बघत राहिल्या. इंदुताई मागून धापा टाकत, "हळू! वळू नका! ओली आहे ती! अहो, पुसाल ना कुणाची!"

मग मुलांचं हॉस्टेल आलं. कॉलेजची पोरं राहतात तिथं. कोण घालणार रांगोळी? लांबच लांब भिंत आणि पुढे नुसता काळा, कोरा रस्ता. भगवंतरावांचं पाऊल उचललं, हवेत घुटमळलं, आणि होतं तिथंच बसलं.

"गाडी अडली," ते कुजबुजले.

"अडणारच! सांगितलं होतं घरापाशी थांबा म्हणून! आता ना इकडचे ना तिकडचे, हॉस्टेलच्या दारात!" इंदुताईंनी पिशवी सोडली आणि भर रस्त्यात वाकल्या. पहिली रेघ ओढतात तोच मागून हॉर्न वाजला. मग पुन्हा. एक स्कूटर वळसा घालून गेली, एक रिक्षावाला थांबून बघू लागला. हॉर्न काही थांबेना.

"आई!" कारची काच खाली गेली. हर्षवर्धन होता. "आई, बाबा इथं? कसे आले? कुणी आणलं?"

इंदुताईंनी कमरेवर हात ठेवला, सरळ झाल्या, कपाळावरचा घाम पुसताना रांगोळी कपाळभर माखून घेतली.

"पायांनी आले. मागे घे गाडी. रांगोळीवर चाक घालशील तर बघ."

 हर्षवर्धननं गाडी मागे घेतली. मागच्या सीटवर ठेवलेली शाल, खुर्चीत बाबांच्या पायांवर घालायला आणलेली, खाली घसरली. ती त्यानं उचलली नाही.

इंदुताई पुन्हा वाकल्या. दुसरी रेघ, तिसरी रेघ, हॉस्टेलच्या भिंतीच्या टोकापर्यंत.

"लवकर कर," भगवंतराव वरून म्हणाले. "चहा निवंल."

"एक शब्द बोलू नका! माझे गुडघे बोलताहेत तेवढं पुरे!"

 शेवटची रेघ पडली तशी भगवंतरावांनी मान वर केली, छाती भरून श्वास घेतला, आणि जेवढा उरला होता तेवढ्या आवाजात म्हणाले, "रैट."

आणि पाय उचलला.